सासू कितव्या पानावर मरते

सून : आणि मीठ. मीठ लागतंच.

सासू : मीठ कशाला? पुलापलीकडे मीठ मिळत नाही?

सून : आई, प्रत्येक कादंबरीत बाई मीठ घेऊन निघते. वाटेत ती ते एका माणसाला देते आणि तो माणूस पुढे उपयोगी पडतो.

सासू : कोण माणूस?

सून : ते आधी कळत नसतं.

सासू : बरं, ठेव. आणि त्या काचेची चिकटपट्टी बघ, कोपरा सुटलाय.

सून : निघून जाणाऱ्यांनी काचांना चिकटपट्ट्या लावायच्या नसतात. राहणाऱ्यांनी लावायच्या असतात.

सासू : म्हणूनच सांगतेय.

सून : पुन्हा तेच. सकाळी 'बघू' म्हणालात, अकराला 'बघते' म्हणालात, आता थेट चिकटपट्टीवर आलात.

सासू : आज शनिवार. लोक पुस्तकं बदलायला येतील. वाचनालयाला कुलूप दिसलं तर काय म्हणतील?

सून : कोण म्हणतील? शिंपीण काल गेली. पोस्टमन परवाच गेला, तेही स्वतःची पत्रं न घेता. गल्लीत आता आपण दोघी आणि तीन पायांचं मांजर.

सासू : मांजर सभासद नाही.

सून : तेच म्हणतेय मी.

सासू : हा आवाज आपल्या तोफांचा की त्यांच्या?

सून : नुसतं ऐकून कळत नाही. परवा दंतवैद्य अगदी ठामपणे म्हणाले, 'आपलाच आहे, घाबरू नका.' तेवढ्यात त्यांचा दवाखाना गेला.

सासू : माझी कवळी होती तिथं.

सून : म्हणजे इथं राहून तुम्ही चावणार काय? ऐका ना. तुमचा मुलगा महिन्यापासून पलीकडे आहे. काल फोन लागला तेव्हा काय म्हणाला? खोली मिळाली. गच्चीवरची. 'आईला सांग, मोठी खिडकी आहे, पुस्तकबांधणीचे पुठ्ठे वाळवता येतील.' जागा छोटी आहे की मोठी, पाणी येतं की नाही, यातलं काही नाही. पुठ्ठे.

सासू : उन्हात वाळवायचे नसतात ते. वाकतात. इतकी वर्षं सांगतेय त्याला.

सून : मग चला, समोर उभ्या राहून सांगा.

ड्रायव्हर : वहिनी! काकू! अहो, हॉर्न वाजवून माझा अंगठा दुखायला लागला!

सासू : बाहेर आभाळ कोसळतंय, त्यात तुझा हॉर्न कुठला ऐकू यायला? पाय पूस.

ड्रायव्हर : काकू, निम्मं शहर पेटलंय आणि...

सासू : पाय पूस.

ड्रायव्हर : पुसले. गाडी भरत आलीय. दंतवैद्य सगळ्यात वरच्या फळीवर आडवे आहेत, ब्रेडच्या जागी. मधल्या फळीवर शाळेतल्या बाई आणि त्यांच्या आई, पावांच्या जागी. तुमच्यासाठी खालची ठेवलीय, केकची. ती रुंद आहे. फक्त बसल्यावर मान वर करायची नाही.

सून : आजवर बायका बैलगाडीतून पळाल्या, कोळशाच्या वाघिणीतून पळाल्या, एक तर शवपेटीतून पळाली. बेकरीच्या गाडीतून पळालेली माझ्या वाचनात नाही.

ड्रायव्हर : वास चांगला येतो, वहिनी. पण पूल संध्याकाळी बंद होतोय. माणशी एक पिशवी. पाच मिनिटं देतो, आणि ती बेकरीची पाच आहेत, सरकारी नव्हेत.

सासू : एकच येणार आहे. ही.

ड्रायव्हर : अं?

सून : दोघी येणार आहोत. तुम्ही गाडी सुरू करा.

ड्रायव्हर : ती सुरूच आहे. बंद केली तर पुन्हा सुरू व्हायची नाही. आणि वहिनी, ती नर्सची कादंबरी माझ्याकडे राहिलीय हां. सिग्नलला थांबलं की वाचायचो. संपली. ती नर्स पुलापाशी येते आणि एकदम कोरं पान. पुढे काय?

सून : तो खुला शेवट आहे.

ड्रायव्हर : खुला म्हणजे? ती पलीकडे गेली की नाही?

सून : ते लेखिकेनं तुमच्यावर सोपवलंय.

ड्रायव्हर : माझ्यावर कशाला? मला आधीच सगळं शहर पलीकडे न्यायचंय. पाच मिनिटं!

सून : स्वेटर घाला. मी तुमची पिशवी भरते.

सासू : मला आधी एक सांग. अगदी खरं सांग. या तुझ्या लढाईतल्या बायकांच्या कादंबऱ्यांत सासू कितव्या पानावर मरते?

सून : मरत नाही.

सासू : एकाही पुस्तकात?

सून : एकाही. ते आख्खं कपाट मी वाचलंय. नवरे मरतात, घोडे मरतात, एकीत तर तोफखान्याचा कप्तान दाढ दुखून मरतो. सासू मात्र खणखणीत राहते. दोघी घर सोडतात, बर्फातून चालतात, भांडतात, पुलापाशी येतात आणि पुस्तक संपतं.

सासू : पुलापाशी.

सून : पुलापाशी, नाहीतर फलाटावर. एकीत बोटीच्या शिडीवर, एक पाय वर आणि एक खाली. सगळ्याच लेखिकांना खुला शेवट आवडतो, त्याला काय करणार?

सासू : त्याला खुला शेवट नाही म्हणत. त्याला कात्री म्हणतात.

सून : काय?

सासू : दोनशे एकतीस.

सून : काय दोनशे एकतीस?

सासू : ते निळ्या कव्हरचं. सासू दोनशे एकतिसाव्या पानावर मरते. तिचा बूट चिखलात राहतो, सून तो आणायला मागं वळते. सून दोनशे चौतीसला. पुढची दोन पानं नुसतं झाडांचं वर्णन.

सून : त्या पुस्तकाला दोनशे अठ्ठावीसच पानं आहेत.

सासू : आता.

सून : आई.

सासू : शिवण सुटलेली पुस्तकं बांधायला माझ्याच हातात येतात ना? उसवलं, शेवटची पानं काढली, पुन्हा शिवलं.

सून : सगळ्यांची?

सासू : गरज होती त्यांची. प्रवासवर्णनांना हात लावला नाही.

सून : मी व्याख्यान दिलं होतं! याच खोलीत! 'आजच्या कादंबरीतला पूल'! तासभर! मी म्हणाले, की लेखिका आपल्याला उंबरठ्यावर उभं करते, कारण आयुष्यच अर्धवट असतं. दंतवैद्य रडले होते!

सासू : चांगलं झालं होतं ते.

सून : तुम्ही पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता!

सासू : मला झोप येत होती.

सून : थांबा, मला बसू द्या. म्हणजे त्या सगळ्या... कुणी पोचतच नाही?

सासू : एकीत बकरी पोचते.

सून : बकरी.

सासू : हिरव्या कव्हरच्या पुस्तकात. धडधाकट पोचते अगदी.

सून : पण का कापलीत? कुणासाठी?

सासू : तू नवी आली होतीस. ते करड्या कव्हरचं वाचलंस आणि दोन दिवस जिन्यावर बूट घालून बसलीस. जेवायला बोलावलं की म्हणायचीस, 'नको, निघायचंय.' कुठं निघायचंय ते तुलाही ठाऊक नव्हतं. नुसते पाय हलवत बसलेली. तेव्हा इथं लढाई नव्हती की काही नव्हतं. तुझा नवरा घाबरला, डॉक्टर आणू म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर कशाला, कात्री आण.

सून : ते मी पुढे पुन्हा वाचलं होतं. पुलापाशीच संपलं. मला वाटलं, पहिल्या वेळी मीच मनानं काहीतरी वाढवलं.

सासू : मग पुढची आधीच कापून ठेवायला लागले. इतर लोकांनाही बरं पडायचं. शिंपीण म्हणायची, तुमच्याकडची पुस्तकं वाचून झोप छान लागते.

सून : आणि ती पानं? जाळलीत?

सासू : जाळेन कशी? पुस्तकातलं काही टाकायचं नसतं. थरावर थर लावून, खळीनं चिकटवून त्याच पुस्तकाचा पुठ्ठा केला. ज्याचा शेवट त्याच्याच कव्हरात.

सून : म्हणून ही एवढी जड आहेत. मला वाटायचं, विषयामुळे.

सासू : आता ऐक. मला ते सगळे शेवट पाठ आहेत. बायका वेगळ्या, देश वेगळे, चूक एकच. बरोबर म्हातारी असते. तिला धाप लागते, तिला पाणी लागतं, तिचा बूट राहतो. तरुण बाई एकटी असती तर पलीकडे गेली असती. ती चूक व्हायला मी येणार नाही. तुझी पिशवी उचल आणि केकच्या फळीवर जाऊन बस.

सून : बरं.

सासू : बरं ना?

सून : बरं. मीठ परत डब्यात ओतते. मोजे खणात. बाहेरची पाटी फिरवते, 'वाचनालय उघडे आहे'. मांजराला सभासद करून घेते. चिकटपट्टी कुठंय?

सासू : नाटकं करू नकोस.

सून : नाटक कसलं? तुमचा कोपरा सुटलाय, तो चिकटवते. दोघी राहू. तुमचा मुलगा तिकडे मोठ्या खिडकीत एकटा वाळत बसेल.

सासू : अगं, गाडी निघेल!

सून : निघू दे.

सासू : मूर्ख आहेस का? मी म्हातारी, माझं काय! तू कशाला मरतेस इथं?

सून : मी कुठं मरतेय? मला कसं मरायचं तेच माहीत नाही. तुम्ही कधी वाचू दिलंत? इतकी वर्षं एकाही शेवटच्या पानावर तुम्ही मला एकटीला जाऊ दिलं नाहीत, आई. हात धरून पुलापाशी थांबवलंत. आणि आज, आजच, म्हणता एकटी जा.

सासू : दाभण कुठं ठेवलंस?

सून : कशाला?

सासू : विचारलं तेवढं सांग. आणि शिवायचा दोरा दे, मेण लावलेला. इकडे बस. माझा बूट धर.

सून : बूट शिवताय?

सासू : मोज्यालाच शिवून टाकतेय. पुस्तकाला घालते तीच गाठ. ही सुटत नाही, उसवावी लागते. बघू तो चिखल कसा काढून घेतो ते. घोट्यापाशी घट्ट धर, नाहीतर माझ्याच पायात टोचेन.

सून : दुसराही?

सासू : मग काय, एका बुटानं येऊ? आणि नीट ऐक. मला धाप लागली तर मी सांगेन. पाणी लागलं तर मागेन. पण माझं काही खाली पडलं, अगदी मी पडले तरी, मागं वळायचं नाही.

सून : वळणार.

सासू : मग दुसरी गाठही मार. माझ्या कोपराला तुझा कोपर. दुहेरी.

ड्रायव्हर : काकू, आता खरंच... हे काय चाललंय? पायाला टाके घालताय?

सून : बांधणी चाललीय. झालं. उठा, आई.

ड्रायव्हर : एक पिशवी म्हटलं होतं. या दोन आहेत.

सासू : माणसंही दोन आहेत. डोळे आहेत ना? चल, पुढं हो.

सून : मीठ परत पिशवीत टाकलंय. पुस्तक एकच घेतलंय. निळं.

सासू : दुसरं मिळालं नाही का तुला?

सून : तिकडे गेल्यावर गरम पाण्यात पुठ्ठा भिजवणार. तुमच्यादेखत.

सासू : माझी खळ आहे ती. सुटायची नाही.

सून : कुलूप?

सासू : नको. पाटी फिरव. उघडं राहू दे. कुणाला पावसातून आत यावंसं वाटलं तर... आणि त्या मांजराचं नाव लिहून घे.

(बेकरीच्या गाडीत. फळ्या हादरतायत.)

ड्रायव्हर : मान खाली, काकू! खड्डा आहे!

सासू : मान खालीच आहे. आणखी खाली घातली तर जमिनीत जाईन.

सून : आई, धाप लागली?

सासू : बसलेय मी. बसून कशी धाप लागेल?

सून : तहान?

सासू : नाही. गप बस. तुझे पाय हलवणं आधी थांबव, फळी वाजतेय.

ड्रायव्हर : वहिनी, कुणाकडे मीठ आहे का? दंतवैद्यांनी उकडलेली अंडी आणलीत. मीठ विसरले. म्हणतात, बिनमिठाचं मी गिळू शकत नाही, मग लढाई असो नाहीतर काही असो.

सासू : अगं. हाच का तो माणूस?

सून : आधी कळत नसतं, आई. पण लक्षणं दिसत नाहीत.

सासू : दे तरी. माझी कवळी त्याच्याकडेच होती.

ड्रायव्हर : आता पुढं सगळ्या गाड्या थांबल्यात. बहुतेक पुलाचीच रांग आहे. काकू, गाडीत बोलू नये, पण मघाशी दारात उभा होतो, थोडंफार कानावर पडलं. त्या नर्सचा खरा शेवट तुम्हाला ठाऊक आहे म्हणे.

सासू : आहे.

ड्रायव्हर : मग सांगा की. रात्रंदिवस डोक्यात फिरतेय ती. ती पलीकडे गेली का?

सासू : तू गाडी चालव. ती अजून रस्त्यात आहे.