शेवटच्या सामन्यातली दुसरी

फिलाडेल्फियात टेनिसच्या तिकिटांसाठी रांग लागली होती. म्हाताऱ्या हेन्रिएटा पेनरोझच्या पुढे एक मावशी आणि तिची भाची उभ्या होत्या. त्या हेन्रिएटाबाईंनी तरुणपणी जिंकलेल्या तीन चषकांबद्दल बोलताहेत हे कळताच बाईंनी कान टवकारले.

"मावशी, ती पेनरोझ खरंच एवढी भारी होती?"

"म्हणजे काय! लागोपाठ तीन वर्षं चषक घरी नेला. आम्ही पोरी तिच्यासारखी टोपी घालून मिरवायचो."

"दर वर्षी किती सामने जिंकायची?"

"पहिल्या वर्षी पाच. मग दर वर्षी एकच."

"एकच?"

"अगं, तेव्हाची रीतच तशी. आदल्या वर्षीच्या विजेतीनं आठवडाभर मांडवात बसून लिंबू सरबत प्यायचं. बाकीच्यांनी आपसात झुंजायचं, आणि उरेल तिनं हिच्याशी खेळायचं."

"म्हणजे ती बिचारी दमलेली आणि ही ताजीतवानी? वा गं तुमची विजेती!"

"नियम काय तिनं केला होता? तिसऱ्या वर्षी तर पाच सेट चालले. समोरचीच्या पायात गोळे आले, पण ती काही बसली नाही."

"कोण होती ती?"

"कोण जाणे. हरलेल्याचं नाव कोण लक्षात ठेवतं?"

"ॲग्नेस टॅगर्ट," हेन्रिएटाबाई मागून म्हणाल्या.

दोघी वळल्या.

"अय्या, तुम्ही पाहिला होता तो सामना?"

"हो, अगदी जवळून. चार दिवस खेळून आली होती ती. मला नसतं जमलं."