कौसाबाईच्या खळ्यावरचं हेलिकॉप्टर

आमच्या नागभीडात टीव्ही यायचाच होता, तवाची गोष्ट सांगतो. आतेभावानं जपानहून सुट्या भागात आणलेलं रिमोटचं, तेलावर उडणारं हेलिकॉप्टर मी शाळेतल्या पोरांले शिकवून आलो की जोडत बसायचो. सहा महिने लागले. दोन्ही पाती सारख्या वजनाची लागतात, म्हणून सोनाराच्या काट्यावर तोलली आन् हलक्या पात्याले चिकटपट्टी लावली. आता फक्त सपाट जागा आन् पडलेला वारा पाह्यजे होता.

सपाट म्हणजे कौसाबाईचं सारवलेलं खळं. बाई धानाच्या राशीपाशी सूप घेऊन बसली होती.

"गुरुजी, तुमाले वारा नको, मले धान उपणून भुसा उडवाले पाह्यजे. तो कोणाचं आयकंल?"

वाऱ्यानं माझं आयकलं. पान हालत नव्हतं. हेलिकॉप्टर थरथरलं, हातभर उचललं आन् तिथंच अधांतरी थांबलं. खालचा भुसा उठला, उन्हात सोन्यासारखा चमकला, आन् त्या ढगात माझे सहा महिने तरंगत राह्यले. माझे डोळे भरून आले. किती वेळ गेला, कोण जाणे. तेल संपत आलं तसं मी ते अलगद उतरवलं.

हेलिकॉप्टरच्या पलीकडून आवाज आला. पाचेक पावलांवर कौसाबाई सूप उंच धरून उभी होती, पायाशी साफ धानाचा ढीग.

"काऊन थांबले गुरुजी? अर्धी रास बाकी हाय ना!"