पेनिसिलिन कोणाला चालत नाही

डोळ्यांच्या दवाखान्यात मी मनातल्या मनात नाम घेत बसले होते. शेजारी मायलेक होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि नर्स तिचा फॉर्म भरत होती.

“कुठल्या औषधाचा त्रास होतो?”

“पेनिसिलिनचा,” मुलगा पटकन म्हणाला.

“मला? छे हो! खोडा ते, बाई. हा भलतंच सांगतोय.”

नर्सनं ते खोडलं आणि ती आत गेली.

“कुणाचं सांगितलंस रे?”

“चुकलो, आई. ते दुसऱ्याच्या आईचं.”

“कोणाच्या?”

“हळू बोल. बाहेरच्या देशातला एक अधिकारी आहे. आमची कंपनी खासगी, पण काम सरकारचं. तीन वर्षं त्याचे मेल चोरून वाचतोय मी. आईला रोज लिहितो तो.”

“रोज? देवा! काय लिहितो एवढं?”

“जेवलीस का, गुडघा कसा आहे, डोळ्यांत थेंब घातलेस का...”

“तिलाही मोतीबिंदू?”

“ऑपरेशन झालं. आता पेपर वाचतात बाई.”

“आणि तू मला शेवटचं कधी लिहिलंस?”

“कामातून वेळच मिळत नाही गं.”

“कळलं की, कुठे जातो तो.”

“आई...”

“रागावले नाही रे. पट्टी निघाली की मलाही वाचता येईल. त्याचंच एखादं पत्र पाठव मला. वर ‘प्रिय आई’ असेलच. काही बदलायलाही नको.”