लोण्याच्या फळाचं भरीत

माझं नाव सुपडाबाई. हसू नका बाई, आमच्या खानदेशात ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं पुढचं पोर सुपात घालतात, मंग त्याचं नाव सुपडू नाही तर सुपडी, तशी मी, माझ्या आधीची दोन गेली, मी जगली, आन जगून काय दिवे लावले ते आता ऐका. शिंदखेड्याकडचं माहेर, सासर बी तिकडंच. माझा नवरा, मंगलचा बाप, इथं सायली गावात सुताच्या कारखान्यात लागला, तेव्हा सिल्वासाला नवीन नवीन कारखाने येत व्हते, आमच्याकडून ट्रकात बसून मान्सं यायची. सामरवरणीला चाळीत खोली घेतली, त्यात आमी दोघं, माझी सासू आन लेक मंगल, चार वर्साची.

एकाच्या पगारात भागंना, म्हनून मी एका मॅनेजरच्या बंगल्यावर सैपाकाला लागली. मेमसाहेब बंगलोरकडची, माझ्याशी हिंदीत बोलायची. तिचा भाऊ तिकडून खोक्यात पेंढा भरून एक फळ पाठवायचा, ती म्हनायची बटर फ्रूट, मी म्हनायची लोन्याचं फळ, तुमी शिकलेले लोक अवोकाडो का काय म्हनता ते. दगडासारखं कडक यायचं, तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचं, अंगठ्यानं दबलं की कापायचं. आन मेमसाहेबाचं एकच पुरान, हे फळ सगळ्या वयाला चालतं. बाळाला कुस्करून, साहेबाला कांदा-टमाट्यात लिंबू पिळून, तिच्या सासूला दात नव्हते तिला दुधात घोटून, आन सोताला चपातीवर लावून. म्हने पोर बाळसं धरतं, म्हातारपनी ताकद टिकते, घरात सगळ्यांनी खावं. अगं बाई, मंग माझ्या घरी बी सगळी वयं आहेतच की! पन हे मी मनात म्हनायची.

तिचं बाळ दुसऱ्या कोनाच्या हातानं खायचं नाही, माझ्याच हातानं खायचं. मी त्याला मांडीवर घेऊन चिऊचा घास, काऊचा घास करत भरवायची, कसं गुबगुबीत झालं व्हतं काय सांगू तुमाला, आन तिकडं माझी मंगल, काडीसारखे पाय, शिळी भाकर काळ्या चहात बुडवून खायची. तेव्हापासून मनात एकच बसलं, हे फळ माझ्या पोरीच्या तोंडात माझ्या हातानं गेलं पाहिजे. दुसरं काही मागितलं नाही मी देवाजवळ.

मागायची लाज वाटायची. मेमसाहेब बी अशी, कापून झालं की म्हनायची, बाई, बीज चाहिए तो ले जाओ. आंब्याची कोय चोखता तरी येते, हिला चोखायला बी काही नाही! एकदा मात्र खोक्यात एक फळ डागलेलं निघालं, काळंजांभळं, ते मला दिलं. मी पदरात बांधून आनलं, तांदळात ठेवलं, सासूला बजावलं, आत्याबाई, ह्याला हात लावू नका, सांजच्याला येऊन मीच मंगलला भरवीन. आन सकाळी गेली त्यांच्या पोराला भरवायला.

संध्याकाळी चाळीत शिरली तर लसनाचा वास. आता तुमीच सांगा, काळं चकचकीत, मुठीत मावंल एवढं, खानदेशातली म्हातारी त्याचं दुसरं काय करील? रांधा गावाकडच्या बाया सरपन आनून द्यायच्या, त्याच्या इस्तवावर तिनं ते वांग्यासारखं भाजलं, हिरवी मिरची-लसून घालून ठेचलं आन भरीत केलं. ते फळ इस्तू लागला की कडू जहर होतं. मी बोट लावून जिभेवर ठेवलं आन थुंकली. आन मंगल? ती मोठ्या मायच्या, आमच्याकडं आजीला मोठी माय म्हनतात, तिच्या मांडीवर बसून एकेक घास खात व्हती, तोंड वाकडं करत व्हती, आन दोघी एकमेकीकडं पाहून खिदळत व्हत्या. मी कपाळावर हात मारला, म्हटलं आत्याबाई, काय केलं हो तुमी! तर म्हातारी म्हने, एवढी काय बोंबलतीस, तुझ्या मेमसाहेबाचं वांगंच सडकं निघालं.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिशी बंगल्यावरून कोय आनली आन चाळीमागं मोरीच्या पान्यावर लावली. म्हटलं नको तुमचं फळ, माझ्या दारी माझं झाड. ते वाढलं, छपराच्या वर गेलं, पन फळ धरंना, सगळी चाळ हसायची, सुपडे, तुझं झाड वांझ. तेवढ्यात साहेबाची बदली झाली. मी ज्याला भरवून भरवून मोठं केलं त्यानं गाडीत बसताना वळून बी पाहिलं नाही. सासू गेली. मंगलचं लगीन झालं. आन ती पहिल्या बाळंतपनाला माझ्याकडं आली त्याच साली झाडाला फळं लागली, खरं सांगते, मी झाडाच्या पाया पडली.

फळ काढलं, तांदळात ठेवलं, रोज दाबून पाहिलं. मऊ झालं त्या दिशी कापलं, मंगलला म्हटलं, आ कर. एवढी मोठी बाई, पोट पुढं आलेलं, तिनं आ केला. घास तोंडात घोळवला आन म्हने, माय, हे काय, ना गोड ना आंबट. मी बी खाऊन पाहिलं, बंगल्यावर कधी बोटसुद्धा चाटलं नव्हतं मी. काही चव नाही हो त्याला! ह्याच्यासाठी एवढा जीव जाळला! तर मंगल म्हने, त्याचं भरीत कर ना, मोठ्या मायनं केलं व्हतं तसं. म्हटलं कडू होतं गं ते. म्हने, कडूच पाहिजे.

केलं. ती खात गेली, डोळ्याला पानी, म्हने मिरची लागली. मी म्हटलं, इकडं दे, मी भरवते. तर म्हने, राहू दे माय, मोठी माय छोटे छोटे गोळे करून द्यायची, तुला नाही जमत. रागानं नाही म्हनली, साधंच म्हनली, म्हनून जास्त लागलं. अरे पन मी कामाला गेली नसती तर मोठ्या मायच्या ताटात भाकर कुठून आली असती? हे कोनी इचारतं का? नाही इचारत.

आता मंगल बी सायलीला जाते, पॅकिंगला, तिच्या नवऱ्याच्या पगारात बी भागत नाही. नात माझ्याकडं असते. फळ कुस्करून देते तिला, आवडीनं खाते, माझ्याच हातानं खाते, मला मोठी माय म्हनायला शिकली. आई आली तर आईकडं जात नाही, मलाच चिकटते. म्हनून मी आताशा वाटीत अर्धं फळ ठेवते, मंगल आली की तिला हातपाय धुवायला लावते, वाटी तिच्या हातात देते आन म्हनते, छोटे छोटे गोळे कर. पोरगी रडते, माझ्याकडं हात करते. मी पाहत नाही, बादली उचलून मोरीकडं जाते. चला बाई, उठा आता, ही दोन फळं घरी न्या, मंगलची सुटी व्हायची वेळ झाली.