भूकंपाची पेटी

चहा पाजलात म्हणून सांगतो, नाहीतर हे सांगायची मला हौस न्हाय.

मी शाळेचा शिपाई. आमची खोली विज्ञानाच्या वर्गाला लागूनच. त्या दिवशी भूकंप कसा नोंदवतात ते शिकवायला बाईंनी सेन्सरची पेटी फरशीवर ठेवली. पोरं नाचली की पडद्यावरची रेघ उड्या मारायची. मग बाई म्हणाल्या, "आता सगळे शांत उभे राहा." पोरं गप्प, तरी रेघ उडतच होती.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "बाहेर पळा! खरा भूकंप!"

किल्लारीत ढिगाऱ्याखालनं माणसं ओढून काढलेला मी. वर्गाच्या दारातच उभा होतो. तसाच खोलीत घुसलो आणि बायकोला दंडाला धरून बाहेर फरफटत आणलं.

"आवो, सोडा की! चटणी सांडली माजी!"

भिंतीलगतच्या उखळात ती शेंगाचटणी कुटत होती. गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाला ऐकूच आलं नव्हतं. वर्गात जाऊन बघतो तर रेघ थांबलेली.

बाई पोट धरून हसल्या. "मामा, तुमचा भूकंप मुसळ घेऊन दारात उभा आहे बघा! द्या आता ती पेटी उचलून."

मी पेटी उचलली, आणि रेघ आधीपेक्षा जास्त उडायला लागली.

पोरं ओरडली, "आता कोण कुटतंय?"

कुणीच कुटत नव्हतं. पेटी माझ्या हातात होती. पोरांचं हसू थांबलं. बायकोनं येऊन माझं मनगट धरलं, तेव्हा कुठं रेघ बसली.

बाईंनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. "हसले ते चुकलं मामा" एवढं म्हणायला काय जातं? अजून म्हणाल्या न्हाईत म्हेत्रे बाई.