तिसरं ‘झाले’

मी, शेजारीपाजारी व पेशंट मला दातवाल्या बाई म्हणतात, वय त्रेपन्न, धंदा दातांचा दवाखाना, राहणार चढाच्या गल्लीतलं सगळ्यात वरचं घर, आज स्वतःहून ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे वडील असे दोघे राहतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय एक्याऐंशी. बसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. अख्ख्या नोकरीत त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही. हे वाक्य कशाला, असं हवालदारांनी विचारलं. मी म्हटलं, लागेल, लिहून ठेवा.

आमच्याकडे दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. अण्णांनी निवृत्त झाल्यावर ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली. दोनच सीटची गाडी कशाला, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "जन्मभर पन्नास माणसं पाठीशी घेऊन हिंडलो. आता तू एकटी बस. मागून कुणी बेल मारणार नाही." आई गेली तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती.

मागच्या वर्षी मी ती स्वतः दुरुस्त करायला घेतली. गॅरेजवाले एक तर हात लावत नव्हते, नाहीतर इंजिनच बदला म्हणत होते. मी इंजिन उतरवलं, क्लच बदलला, सडलेले पाइप आणि रबरं बदलली, इंजिन परत चढवलं. एक गंजलेला बोल्ट काही केल्या हलेना तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "काय गं ताई, दातापेक्षा बोल्ट जड जातोय वाटतं!" मी म्हटलं, दाताला निदान तोंड उघड म्हणून सांगता येतं. हे वगळलं तरी चालेल.

मी काम करत असताना अण्णा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचे. "नट आवळलास? आवळलास ना? नक्की?" भाऊ मला आत बोलावून सांगायचा, "त्यांच्या काही लक्षात राहत नाही आता. मान्य कर." मला ते मान्य करायचं नव्हतं, पण हळूहळू पटत गेलं. वैताग यायचा तो वेगळाच.

शेवटचं काम ब्रेकचं. मी सगळं नवीन बसवलं, ऑइल भरलं. त्यानंतर पाइपांतली हवा काढावी लागते. हवा राहिली तर पायडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी बसून हवा सोडायची. खालच्याने सांगेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. अण्णा दारातच बसले होते. पण ते मध्येच विसरून पाय उचलतील असं मला वाटलं, म्हणून मी त्यांना सांगितलंच नाही. भाऊ दुसऱ्या दिवशी येणार होता, त्याच्यासाठी काम ठेवलं.

गाडी ज्या स्टँडवर उचलून ठेवली होती ते शेजाऱ्याला परत हवे होते, म्हणून मी चाकं चढवून गाडी खाली घेतली. बघणाऱ्याला गाडी तयारच दिसली असती. मी हात धूत होते. दवाखान्यात एक पेशंट गाल धरून बसला होता. तेव्हा अण्णांनी विचारलं, "ब्रेक झाले?" मी म्हटलं, झाले. "झाले ना?" झाले हो. "नक्की झाले?" मी ओरडले, "झाले, झाले! किती वेळा तेच तेच?" आणि मी दवाखान्यात निघून गेले. हवा काढायची राहिली आहे हे मला ठाऊक होतं. समजावत बसायचा कंटाळा आला, एवढंच त्याचं कारण.

दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत आहे. माझे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात असताना मला इंजिन चालू झाल्याचा आवाज आला. मी तशीच धावले. पेशंटही तोंडात कापूस घेऊन माझ्यामागे धावला. गाडी फाटकातून उताराला लागली होती. अण्णा गेले, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हॉर्नची वायर मी जोडलेली नव्हती. म्हणून अण्णा डोकं बाहेर काढून "बाजूला व्हा, ब्रेक नाहीत!" असं ओरडत होते. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकल्याचा आवाज वरपर्यंत आला. हँडब्रेकने ती थोडी धरली, पण थांबली नाही. खाली चौक आहे, तिथे रहदारी असते. त्याच्या अलीकडे एका घराचं बांधकाम चालू आहे. अण्णांनी गाडी शेजारच्या सलूनच्या पुढून वळवून बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. सलूनचा बाक आणि पाटी मोडली. कुणालाही इजा नाही. अण्णांच्या कपाळाला खरचटलं आहे. मी दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, "ब्रेक नाहीत गं." आवाजात राग नव्हता. त्यांना फक्त नवल वाटलं होतं.

सलूनवाल्याची तक्रार नाही. तो म्हणाला, "काका ओरडले म्हणून माझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने का होईना, पळालं तरी." बाक व पाटी मी करून देणार आहे.

ठाण्यात आल्यावर भावाने साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की वडिलांचं डोकं ठिकाणावर नसतं, एकच गोष्ट दहादा विचारतात, तसं लिहा, म्हणजे प्रकरण मिटेल. त्याच्या मनात वाईट नाही. तो घाबरला आहे. पण ते अण्णांनी बाकावर बसल्या जागी ऐकलं. ते साहेबांना म्हणाले, "डेपोत गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला तीनदा विचारायचं अशी आमची रीत होती. पहिलं उत्तर सवयीने येतं. दुसरं रागाने. तिसरं खरं असतं. हिला मी तीनदा विचारलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं तिसरंही रागानेच आलं होतं. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पायडल कुणी दाबलं, तेवढं विचारायचं राहिलं माझं."

लहानपणी मी डबा घेऊन डेपोत जायचे. ड्रायव्हर आणि मेकॅनिकचं हे तीन वेळचं बोलणं मी रोज ऐकलेलं आहे. विसरले ते मी.

तरी अण्णांना समजत नव्हतं, असं कुठेही लिहू नये. तसं लिहिलं तर उद्यापासून त्यांना फाटकाबाहेरही कुणी एकटं सोडणार नाही, आणि चूक माझी आहे. ब्रेक झाले असं मी सांगितलं आणि त्यांनी ते खरं मानलं. काय कारवाई करायची ती माझ्यावर करावी. यावर भाऊ "ताई, अगं गप्प बस" असं म्हणाला. तेही लिहावं.

गाडी ठाण्याच्या आवारात आणून ठेवली आहे. ब्रेक नसताना ती इथून हलवता येणार नाही, असं साहेब म्हणाले. माझी विनंती आहे की परवानगी मिळाल्यावर हवा काढायचं काम मला इथेच करू द्यावं. मी खाली बसेन. आत बसून पायडल अण्णा दाबतील.

माझा हा जबाब हवालदारांनी अण्णांच्या देखत मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर अण्णांनी बाकावरून विचारलं, "सांगितलंस तसंच आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हवालदारांकडून कागद मागून घेतला, पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला आणि मग सांगितलं, की अण्णा, बरोबर आहे.