डाव्या सीटचं वजन

श्रीरंग : एकोणीस इंच. त्याच्या खाली मी येणार नाही.

कस्तुरी : बाबा, तू लिलावात बसलेला नाहीस. अण्णा तुला सतरा इंचाची चाकं घे म्हणतायत, म्हणजे कमी पैसे दे म्हणतायत. असं सांगणारा गॅरेजवाला अख्ख्या जे. पी. नगरात एकच असेल, आणि तू त्याच्याशी भांडतोयस.

हणमंतराव : पैशाचं नाही गं, पुट्टी. साहेब, इकडं बघा की. चाक एकोणीसचं झालं की रिम मोठी होते आणि टायर बारीक. एवढासा. दोन बोटं रबर. आपल्या रस्त्यावर खड्डा आला की धक्का कोण खाणार? रिम खाणार. तडा जाणार, आणि तुम्ही मला फोन करणार.

कस्तुरी : टायर कसला, डब्याच्या झाकणाला लावायचा रबरबँड तो.

श्रीरंग : कस्तुरी, तू जरा गप्प बस गं. हणमंतराव, दिसणं म्हणून काही असतं की नाही? ही काय भाजी आणायची गाडी आहे? टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे.

कस्तुरी : सेकंडहँड.

श्रीरंग : प्री-ओन्ड.

कस्तुरी : चार वर्षं कोईमतूरच्या एका डेंटिस्टने हळूहळू चालवलेली प्री-ओन्ड. आणि भाजीचं म्हणशील तर आईने परवा तिच्यातूनच दुधी आणला. आजवर त्या गाडीत पाय लांब करून बसलेला तो एकटा.

श्रीरंग : विनोदकुमारची एकोणीसच आहेत. त्याला काही होत नाही.

हणमंतराव : हे विनोदकुमार कोण?

कस्तुरी : संडे ग्रुपचे महाराज, अण्णा. दर रविवारी सकाळी सहाला दहा-बारा गाड्या जमतात, ढुम-ढुम करत बिडदीला जातात, ताटलीएवढी तट्टे इडली खातात आणि परत येतात. तसली इडली मारतहळ्ळीत आमच्या बिल्डिंगखाली मिळते. लिफ्टने जाता येतं.

श्रीरंग : इडलीसाठी जात नाही आम्ही.

कस्तुरी : नाहीच. त्या महाराजांनी बाबाच्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, 'श्री, तुझी गाडी फरशी पुसायला साडी वर खोचल्यासारखी उभी आहे.' हिंदीत म्हणाले, पण साडी होती. झालं. तेव्हापासून बाबा येता-जाता गाडीपुढे उकिडवा बसतो आणि चाकाच्या वरच्या फटीत बोटं घालून मोजतो. वॉचमनला वाटलं उंदीर शिरलाय.

हणमंतराव : हसतोय म्हणून राग नको साहेब. पण चाक आणि मडगार्डच्या मधली ती जागा काय उगीच सोडलेली नसते. चाक वर-खाली नाचतं. त्याला अंगण पाहिजे.

श्रीरंग : मग अंगण कमी करा. दीड इंच. स्प्रिंग, शॉकअप सगळं काढून कॉइलओव्हर टाका. त्यात उंची हवी तशी वर-खाली करता येते, मी सगळं वाचलंय.

कस्तुरी : सगळं वाचलंस, आपल्या बेसमेंटचा रॅम्प वाचलास का? मी वाचला. दोरी आणि कंपासपेटीतला कोनमापक घेऊन. आहे तशी गाडी रॅम्पच्या माथ्यावरून इंचभराने सुटते. दीड इंच खाली घे, मग पुढची चाकं रस्त्यावर, मागची बेसमेंटात, आणि पोट मधे टेकलेलं. तू आत बसून हॉर्न दे. सोसायटीची लहान मुलं येतील सी-सॉ खेळायला.

हणमंतराव : पोरगीनं बरोबर मोजलंय. मी पण तेच सांगणार होतो, स्वल्प गोड करून.

श्रीरंग : तिरकी काढेन ना. सगळे तिरकीच काढतात.

कस्तुरी : विनोदअंकल काढतात तशी? अण्णा, ऐका. बिडदीच्या हॉटेलाबाहेर एक हंप आहे, स्पीडब्रेकर. एकच. अंकलची गाडी तिथे आली आणि खेकड्यासारखी आडवी झाली. चार जण खाली उतरले. 'लेफ्ट, लेफ्ट, आता स्वल्प रिव्हर्स, अरे लागलं, लागलं!' मागे बस थांबलेली. तेवढ्यात एक बाई डोक्यावर टोपली घेऊन हंप ओलांडून गेली, शेंगा विकून परत आली, तरी हे हंपावरच. मी एवढंच विचारलं, 'अंकल, शून्य ते शंभरला तुमच्या गाडीला पाच सेकंद लागतात. शून्य ते हंप किती?' सगळे हसले.

श्रीरंग : सगळे नाही हसले.

कस्तुरी : बरं, अंकल नाही हसले. ते इडलीकडे बघत होते.

हणमंतराव : साहेब, माझं ऐका. चाकं सतराची घ्या, हलक्या अलॉयची. गाडी चटकन वळेल, लोक बघतील पण. उंची पाऊण इंच खाली. साडी पण नीट, रॅम्प पण सुटला.

श्रीरंग : अठरा.

कस्तुरी : अठरा एक वार... अठरा दोन वार...

श्रीरंग : बरं बाई, सतरा! पण रंग मी ठरवणार. गनमेटल.

हणमंतराव : सरी, ठरलं. आता स्प्रिंग केवढ्या ताकदीची मागवू ते बघू. वजनं सांगा.

श्रीरंग : सगळं एक्सेलमध्ये आहे. कस्तुरी, लॅपटॉप तुझ्याकडेच आहे ना? वाचून दाखव त्यांना.

कस्तुरी : दाखवते की. अण्णा, खाली बसा, बाबाचं एक्सेल उभ्याने ऐकायचं नसतं. बेचाळीस रो. चाकाचं वजन. ऑफसेट. बोल्टमधलं अंतर. 'चाकाचा रंग संध्याकाळच्या उजेडात.' 'चाकाचा रंग ऑफिसच्या पार्किंगमध्ये.' बाबा, 'शेजाऱ्यांची प्रतिक्रिया, दहापैकी' हा काय प्रकार आहे? आणि सुब्बाराव अंकलना चारच? त्यांना मोतीबिंदू आहे रे!

श्रीरंग : खाली जा. वजनाचं खाली आहे.

कस्तुरी : जाते, जाते. पेट्रोल, अर्धी टाकी. चालकाचं वजन, ब्याऐंशी. गेल्या दिवाळीच्या आधीचं दिसतंय. उजवी सीट ब्याऐंशी. डावी सीट, शून्य.

हणमंतराव : शून्य का?

कस्तुरी : चुकलं असेल. बाबा, शून्य कसं? इथे कोपऱ्यात पिवळी खूण आहे, कुणीतरी कमेंट टाकलीय. थांबा, उघडते.

श्रीरंग : ते राहू दे. कस्तुरी, ते ग्रुपचं आहे. लॅपटॉप दे इकडे.

(तिने दिला नाही. मघापासून गॅरेजभर उड्या मारणारी कस्तुरी टायरच्या चवडीला टेकून उभी राहिली आणि ती चार ओळींची कमेंट तिने आधी मनात वाचली, मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. त्यानंतर वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने.)

कस्तुरी : विनोदकुमार लिहितात : 'श्री, एकट्याच्या हिशेबानेच सेट कर. यापुढे मुलांना आणायचं नाही असं ठरवू या. आज सकाळी जरा ऑकवर्ड झालं.' खाली बाबाचं उत्तर : 'शंभर टक्के.' पुढे अंगठा.

श्रीरंग : अगं, ते तसं नाही...

कस्तुरी : त्याच रविवारी, दुपारी दीड. आपण जेवत होतो तेव्हा. तू मला कोशिंबीर वाढलीस आणि एका हाताने अंगठा पाठवलास?

श्रीरंग : ग्रुपमध्ये असं लगेच काहीतरी लिहावं लागतं.

कस्तुरी : आणि मला काय सांगितलंस? डाव्या सीटच्या बेल्टची क्लिप बिघडलीय. तीन रविवार. मी आईला पण सांगितलं, बाबा किती काळजी घेतो बघ.

हणमंतराव : क्लिप? आत्ताच लावून बघितली मी. चांगली आहे की.

श्रीरंग : हणमंतराव, प्लीज.

हणमंतराव : सॉरी साहेब. विचारल्यासारखं वाटलं म्हणून बोललो.

कस्तुरी : बोला अण्णा, तुम्हीच बोला. मी बोलले की ऑकवर्ड होतं.

श्रीरंग : कस्तुरी, ऐक. पुण्यात माझे मित्र होते, शाळेपासूनचे. इथे येऊन नऊ वर्षं झाली. ऑफिसात सगळे 'सर' म्हणतात, बिल्डिंगमध्ये 'बी पाचशे चार'. मला 'श्री' म्हणणारे हे एवढे दहा-बारा जण आहेत. आणि तू त्यांच्यातल्या मुख्य माणसाची त्याच्याच इडलीसमोर...

कस्तुरी : चेष्टा केली.

श्रीरंग : सगळ्यांदेखत.

कस्तुरी : तू पण हसला होतास. मी बघितलं. तू सांबाराकडे तोंड करून हसलास.

श्रीरंग : हसलो. विनोदकुमारने पण ते बघितलं.

कस्तुरी : मग मला सांगायचं ना! मी गप्प बसले असते.

श्रीरंग : तू गप्प बसली असतीस?

कस्तुरी : नसते. पण सांगायचं होतंस. सातवीपर्यंत मी वर्गात हात वर करत नव्हते तेव्हा तूच म्हणायचास, बोल गं, तोंड उघड, कोण खातंय तुला. आता तोंड उघडलं तर बेल्टची क्लिप बिघडते.

हणमंतराव : साहेब, मी मधे पडू का? घरचं तुमचं तुम्ही बघा. गाडीचं सांगतो. रिकाम्या गाडीवर मी उंची बांधत नाही. माझे वडील कलासीपाळ्यात जटक्याचे, म्हणजे टांग्याचे, कमानपाटे बसवायचे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचे, मागं कोण कोण बसतं? सगळ्यांना बोलवा. म्हातारी असली तर म्हातारीला पण चढवायचे, मग पाटे आवळायचे. मी तसंच करतो. बसणारी माणसं बसवायची, त्यांच्या वजनावर स्प्रिंग बांधायची. शून्यावर बांधली आणि उद्या डावीकडं कोणी बसलं, तर गाडी तिकडं कलणार. प्रत्येक वळणावर सांगणार, हिचा हिशेब धरला नव्हता.

श्रीरंग : मग एक पोतं ठेवा ना तिथे. तुमच्याकडे तांदळाची पोती आहेत ती.

हणमंतराव : आहेत की. सोना मसूरी, पंचवीस किलोची. पण पोतं मी गावाला गेलेल्या माणसासाठी ठेवतो. इथं माणूस समोर उभं आहे.

कस्तुरी : ठेवा अण्णा, पोतंच ठेवा. ते विनोदअंकलना पण चालेल. काही विचारणार नाही ते.

श्रीरंग : कस्तुरी.

कस्तुरी : काय?

श्रीरंग : लॅपटॉप दे.

कस्तुरी : कमेंट पुसणार आहेस? वाचून झालीय माझी.

श्रीरंग : कमेंट राहू दे. तो शून्य खोडायचाय.

कस्तुरी : ही फाइल सगळ्यांची आहे. तू बदललंस की तुझं नाव येतं, वेळ येते. बाराही जणांना दिसेल.

श्रीरंग : माहितेय. फाइल मीच बनवलीय.

कस्तुरी : अंकल लगेच लिहितील काहीतरी.

श्रीरंग : लिहू दे. शून्य ते हंप किती, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

कस्तुरी : हसवू नकोस. मी अजून चिडलेली आहे. आणि मी येईन असं काही म्हटलेलं नाही.

श्रीरंग : नको म्हणूस. तुला वाटलं तर ये, नाही वाटलं तर घरी झोप. पण गाडी तुझ्या हिशेबाने बांधलेली असू दे.

हणमंतराव : मग आकडा बोला साहेब. मला माल मागवायचाय. उजवीकडं ब्याऐंशी. डावीकडं?

कस्तुरी : दिवाळीआधीचं धरू नका अण्णा, उजवीकडे पंच्याऐंशी लिहा.

श्रीरंग : लिहा, पंच्याऐंशी. आणि डावीकडे चव्वेचाळीस.

कस्तुरी : ते आठवीत, बाबा. आता त्रेपन्न आहे.